तिसाच्या पुढचा पाढा

निजामाच्या राज्यात आमच्या लोहारा गावच्या घरात साल तीन तऱ्हांनी मोजलं जाई. पंचांगावर शके असे, सोलापूरहून येणाऱ्या वर्तमानपत्रावर इंग्रजी सन असे, आणि या दोन्हींपेक्षा जास्त तोंडात असे ते सरकारी फसली साल. कचेरी, शाळा, शेतसारा, पोराचा जन्म, सगळं फसलीत. इंग्रजी सनातून साधारण पाचशे नव्वद वजा केले की फसली साल मिळतं, एवढं आजच्या वाचकाला पुरे. मी फसली तेराशे सत्तावीसचा.

या सालांविषयी मला एक गोष्ट ठाऊक आहे. ती मी कुठं छापलेली वाचली नाही, पण ती खरी असल्याची खात्री मी स्वतः करून घेतली आहे. तेराशे सत्तावीस या आकड्याला एक आणि तो स्वतः सोडून कशानंही पुरा भाग जात नाही. त्याच्या पुढचा असा आकडा थेट तेराशे एकसष्ट. मधल्या तेहेतीस आकड्यांत तसा एकही नाही, प्रत्येकाला कशानं ना कशानं भाग जातो. म्हणजे मी जन्मल्यापासून निजामाचं राज्य संपेपर्यंत न फुटणारं साल एकही आलं नाही. तेराशे एकसष्ट आलं तेव्हा राज्य गेलेलं होतं आणि फसली साल विचारणारंही फारसं कुणी उरलं नव्हतं. यातून राज्याविषयी काही अनुमान काढावं असं मी म्हणत नाही. आकड्यांना राजा कोण ते ठाऊक नसतं.

हे आकडे आणखी मोठे होत जातात तसे विरळ होतात, पण संपत नाहीत. लाखाच्या अलीकडचा शेवटचा तसा आकडा नव्व्याण्णव हजार नऊशे एक्याण्णव आहे. तो तपासायला मला एका दिवाळीची सगळी सुट्टी लागली, आणि फराळाला बोलावलं तरी उठलो नाही म्हणून घरात बोलणी खावी लागली. मला हा नाद कसा लागला ते सांगायचं तर माझ्या लग्नाची गोष्ट सांगावी लागते, कारण ते लग्न एका आकड्यावर अडलं होतं.

मुलांच्या हल्लीच्या पुस्तकात अशा आकड्यांना मूळ संख्या म्हणतात. आम्ही धाराशिवला उर्दू मिडल शाळेत त्यांना मुफरद म्हणायचो. माझ्या वडिलांचा, आप्पांचा, शब्द निराळा होता. ते म्हणत, आडमुठा आकडा.

आप्पांचं किराणा दुकान होतं आणि थोडी शेती. पण आसपासच्या गावांतून त्यांना बोलावणं येई ते पंगती बसवायला. लग्नघरचा यजमान सांगे, इतकी माणसं जेवायला आहेत. आप्पा अंगणाची लांबी एकदा डोळ्यांनी मापत आणि जागच्या जागी सांगत, चोवीस पानांच्या पंगती घाला, नाहीतर अठरांच्या घाला. त्यांचा एकच कायदा होता. शेवटची पंगत अपुरी राहता कामा नये. अपुऱ्या पंगतीतल्या माणसाला आपण उरलेसुरले आहोत असं वाटतं, त्याच्या घशाखाली घास उतरत नाही, असं त्यांचं म्हणणं. यजमानानं दोनशे दहा सांगितले की आप्पा खूश. दोनशे अकरा सांगितले की त्यांच्या कपाळाला आठी.

"कुणाला तरी बोलवा रे अजून, न्हाय तर एकाला घरी धाडा. ह्यो आकडा कुणाच्या मांडीला मांडी लावून बसत न्हाय."

इथवर ठीक होतं. पण आप्पांनी ही गोष्ट पंगतीतून उचलून माणसांना लावली. त्यांचा धाकटा भाऊ, माझा काका, फसली बाराशे सत्त्याण्णवचा. आप्पा त्याच्याहून एक वर्षानं मोठे. काकानं भांडून वाटणी मागितली आणि तो वेगळा राहू लागला. त्या दुःखात आप्पांनी त्याचं जन्मसाल फोडून बघितलं, तर ते कशानंच फुटेना. पुढं मी वाढलो. मी काही बंडखोर मुलगा नव्हतो, पण एखादी गोष्ट पटल्याशिवाय हलत नसे. आप्पांनी माझं साल फोडून बघितलं. तेही फुटलं नाही. दोन दाखले मिळाले, आणि दोन दाखल्यांवर माणसाचं मत पक्कं होतं. आडमुठ्या सालात जन्मलेलं माणूस कुणाशी वाटून घेत नाही, असं ते ठरवून बसले.

मी तेवीस वर्षांचा असताना घरात माझ्या लग्नाचं बोलणं सुरू झालं. साल चालू होतं फसली तेराशे पन्नास. आईचा भाऊ, माझा मामा, माकणीला राहत असे. त्याच्या शेजारच्या घरातली एक मुलगी त्यानं सुचवली. मी ती पाहिलेली होती. आदल्या वर्षी मामाकडे लग्न होतं, आप्पांनी पंगती बसवल्या होत्या आणि मी त्यांच्या हाताखाली होतो. शेवटी मी जेवायला बसलो तेव्हाही माझे डोळे सवयीनं समोरच्या ओळीतली पानं मोजत होते. आमटी वाढायला आलेली मुलगी माझ्यापुढं थांबली.

"मोजून झाली असतील तर जेवा," ती म्हणाली. "बावीस हायेत. म्या वाढल्यात."

बावीसच होती. मी मान खाली घालून जेवलो. पण ती मुलगी लक्षात राहिली.

त्यामुळं मामा हे स्थळ घेऊन आला तेव्हा मला आनंद झाला, तो मी दाखवला नाही एवढंच. दुकानाच्या बाजूच्या खोलीत आप्पा, आई आणि मामा बसले होते. मी दाराशी गुळाची ढेप फोडत होतो. मामानं घराणं सांगितलं, शेत सांगितलं, मुलगी चौथीपर्यंत शिकली आहे आणि वर पाढे सगळे तोंडपाठ आहेत हेही सांगितलं.

"साल कुठलं पोरीचं?" आप्पांनी विचारलं.

"तेराशे तेहेतीस. वय जरा पुढं गेलंय, आई न्हाय पोरीला, घर तिच्यावरच हाय. पर दाजी, हिऱ्यासारखी पोरगी."

आप्पांनी डोळे मिटले. मला ते डोळे मिटणं ओळखीचं होतं. ते पुटपुटू लागले. दोन, तीन, पाच हे तर बघताक्षणी गेले. मग, "सात एकशे नव्वद तेराशे तीस, तीन उरले. अकरा एकशे एकवीस तेराशे एकतीस, दोन उरले. तेरा एकशे दोन तेराशे सव्वीस, सात उरले." सतराला सात उरले, एकोणिसाला तीन. तेविसाला एक माणूस कमी पडला, आणि एकोणतिसालाही एकच कमी. तिशी झाल्यावर आप्पांनी डोळे उघडले.

"न्हाय फुटत. आडमुठं साल हाय."

"दाजी, पोरगी बघायचीय का पंगत बसवायचीय?" मामा म्हणाला.

"ह्यो एक आडमुठा घरात हायच की." आप्पांनी माझ्याकडे बोट केलं. "दोन आडमुठी एका चुलीला जमत न्हाईत. म्या भावाला वेगळं होताना बघितलंय. पोराला बघायचं न्हाय."

आई म्हणाली, "अवं, पोरगी काय आकडा हाय व्हय?" पण आप्पा उठून दुकानात गेले होते.

मामानं जाता जाता जे सांगितलं त्यानं गोष्ट गंभीर झाली. मुलीला दुसरीकडून मागणी होती. सोलापूरकडचा एक बिजवर व्यापारी होता, मुलीच्या वडिलांच्या वयाला आलेला. वडिलांना तो पसंत नव्हता, पण मुलीचं वय पुढं चाललं होतं, आणि अक्षय तृतीयेपर्यंत त्याला होकार किंवा नकार कळवायचा होता. त्यात वाईट असं की आप्पांचा नकार आणि त्याचं कारण, दोन्ही मामाच्या पाठोपाठ माकणीत पोचलं. लोहाऱ्याच्या किराणावाल्यानं पोरीचं साल वाईट म्हणून तिला नाकारलं, हे बाजारच्या दिवशी तोंडोतोंडी झालं. वाईट साल म्हणजे काय ते कुणालाच नीट ठाऊक नव्हतं, म्हणून ते जास्तच वाईट ठरलं.

मी काय करू शकत होतो? आप्पांशी भांडण करणं मला जमलं नसतं, आणि त्यांचं मत भांडून बदलणारं नव्हतंच. त्यांना पटतं ते आकड्यानं. म्हणून मी पाटी घेऊन तेराशे तेहेतीस पुन्हा तपासला. दोनपासून तीसपर्यंत एकेक पाढा लावला. कुठंही भाग जाईना. आप्पांचा हिशेब बरोबर होता.

पण पाटी हातात होती आणि दुपारी गिऱ्हाईक नव्हतं, तेव्हा मी एक उद्योग केला. आडमुठं साल किती वर्षांनी येतं, ते बघावं असं मनात आलं. माझं तेराशे सत्तावीस, हिचं तेराशे तेहेतीस, मग पुढची कुठली? सम आकडे आणि पाचानं संपणारे सोडून दिले. ज्यांच्या अंकांची बेरीज तिनात बसते तेही सोडले. जे उरले ते फार साळसूद दिसत होते. तेराशे एकोणचाळीस पाहून वाटलं हा फुटणार नाही. तेरा एकशे तीन, फुटला. तेराशे त्रेचाळीस सतरांनी फुटला. तेराशे एकोणपन्नास एकोणिसांनी. तेराशे सत्तावन्न तर मी नक्की धरून चाललो होतो, तो तेविसांनी फुटला. तेराशे एकतीसची गंमत अशी की अकरा, गुणिले अकरा, गुणिले अकरा. आत दुसरं काहीच नाही. असा आकडा मी आधी पाहिला नव्हता. थोडा वेळ लग्न विसरून मी त्याच्याकडेच बघत बसलो.

तेराशे साठपर्यंत गेलो. सगळे फुटले. राहिला तो एकटा तेराशे तेहेतीस. एवढ्या रांगेत एकच. हे मला खटकू लागलं. मग दुसरी शंका आली. पुढं आडमुठे आकडे उरलेच नसतील तर? कुठंतरी त्यांचा शेवट होऊन पुढं सगळे फुटणारेच असतील तर?

या शंकेचं उत्तर मला मिडलच्या मास्तरांनी देऊन ठेवलेलं होतं. ते हैदराबादेकडचे होते, मराठी मोडकी बोलत, आणि परीक्षेत नसलेलं शिकवायची त्यांना हौस होती. त्यांनी एकदा फळ्यावर लिहून विचारलं होतं, समजा, जगातले सगळे मुफरद तुमच्या हातात आले. सगळे एकमेकांत गुणा आणि वर एक मिळवा. आता या नव्या आकड्याला तुमच्या यादीतल्या कशानंही भागा. दर वेळी एक उरेल. मग एक तर तो स्वतःच मुफरद, किंवा त्याला फोडणारा कुणीतरी मुफरद आहे पण तो तुमच्या यादीबाहेर आहे. म्हणजे यादी कधीच पुरी होत नाही.

आम्ही मुलांनी तेव्हा माना डोलावल्या होत्या. त्या दुपारी दुकानात मला त्यातला एक तुकडा निराळा ऐकू आला. फोडणारा आहे, पण यादीबाहेर आहे.

माझी यादी काय होती? तिसापर्यंतचे पाढे. आप्पांची यादी तीच, साऱ्या गावाची तीच. आपण पाढे तिसापर्यंत पाठ करतो ते शाळेत तिथं थांबतात म्हणून. आकडा काही शाळेत गेलेला नसतो. त्याला कुणी सांगितलं की तिसाच्या आत फूट, नाहीतर फुटू नकोस?

मग जायचं कुठपर्यंत? हेही मास्तरांनी सांगितलं होतं. आकडा फुटतो तेव्हा दोन तुकडे होतात. दोन्ही तुकडे फार मोठे असू शकत नाहीत, धाकटा तुकडा कुठंतरी लवकर सापडतोच. म्हणून ज्याचा वर्ग आपल्या आकड्याच्या वर जातो तिथं थांबायचं. मी वर्ग मांडले. पस्तिसाचा बाराशे पंचवीस. छत्तिसाचा बाराशे शहाण्णव. सदतिसाचा तेराशे एकोणसत्तर, हा वर गेला. म्हणजे छत्तीसपर्यंत जायला हवं होतं, आणि आम्ही तिशीत थांबलो होतो. मधले बत्तीस, तेहेतीस, चौतीस, पस्तीस, छत्तीस हे लहान आकड्यांचेच बनलेले, ते आधीच बाद झाले होते. राहिला एकतीस.

एकतिसाचा पाढा आमच्यात कुणी म्हणत नाही. मी तो मांडला. एकतीस चाळीस बाराशे चाळीस. उरले त्र्याण्णव. एकतीस त्रिक त्र्याण्णव.

एकतीस त्रेचाळीस तेराशे तेहेतीस.

मी ताळा घेतला, बरोबर आला. पुसून पुन्हा गुणाकार केला. मग माझं स्वतःचं साल एकतिसानं भागलं, कारण एकाला एक न्याय आणि दुसऱ्याला दुसरा असं करता येत नव्हतं. पंचवीस उरले. माझं साल खरोखर आडमुठं होतं. तेराशे एकसष्टलाही लावून बघितलं, ते नाही फुटलं. म्हणजे शेवट झालेला नव्हता, फक्त मधलं अंतर लांब होतं. इतकं लांब का, हे मला तेव्हाही सांगता आलं नाही आणि आजही येत नाही.

वर्गांच्या ओळीकडे पुन्हा नजर गेली तेव्हा आणखी एक गोष्ट दिसली आणि मी मोठ्यानं हसलो. छत्तिसाचा वर्ग बाराशे शहाण्णव. ते आप्पांचं जन्मसाल होतं.

आप्पा दुपारची झोप काढून चहा घेत होते. मी पाटी त्यांच्यापुढं ठेवली. त्यांनी वाचलं, पुन्हा वाचलं.

"एकतिसाचा पाढा कुठं असतो व्हय?"

"तिसाच्या पुढं."

"शानपणा शिकवू नगंस." पण त्यांनी डोळे मिटले आणि बोटांच्या पेरांवर काहीतरी मोजलं. "एकतीस पानांची पंगत म्या उभ्या जन्मात घातली न्हाय," ते शेवटी म्हणाले. "एवढं लांब आंगन हाय कुणाचं?"

"पण बसतात ना?"

"बसत्यात," त्यांनी कबूल केलं. मग पाटीवरच्या दुसऱ्या ओळीवर बोट ठेवलं. "आन तुझं?"

"माझं नाही फुटत. एकतिसानंही नाही."

"त्ये मला ठाव हाय." त्यांना यात समाधान वाटलं असावं.

"आणि तुमचंही बघितलं, आप्पा. बाराशे शहाण्णव. सहा गुणिले सहा, गुणिले सहा, गुणिले सहा. दोनांनी फुटतं, तिनांनी फुटतं, चार, सहा, आठ, नऊ, बारा, सोळा, अठरा, चोवीस, सत्तावीस, छत्तीस. पाहिजे तशी पंगत घाला, शेवटची अपुरी राहतच नाही. एवढा पडतं घेणारा आकडा मला दुसरा सापडला नाही."

आई चुलीपाशी होती. तिचा हात थांबला.

"आगं बया!" ती म्हणाली. "साल कुणाच्याबी हातानं फुटतंय, आन मानूस? तीस वर्सं झाली, एक डाव म्हनले न्हाईत की तुजं बरूबर हाय म्हनून!"

ती हसायला लागली ती थांबेचना. आप्पा तिच्याकडे रागानं बघत होते, आणि रागातच त्यांच्या मिशा हलू लागल्या. ते हसत होते की नाही हे मी खात्रीनं सांगू शकत नाही. चहाचा कप खाली ठेवून ते म्हणाले, "बैल जुंपायला सांग. माकणीला जाऊ."

नवऱ्या मुलानं असं स्वतः जायची रीत नव्हती. पण आप्पा म्हणाले, आकडा तू फोडलास, समजावून तू सांगायचं. आम्ही आधी मामाकडे गेलो आणि त्याला घेऊन शेजारच्या घरी. मुलीचे वडील ओसरीवर बसले होते. उंच, सडपातळ माणूस, बोलणं सावकाश. त्यांनी पाणी दिलं, घोंगडं अंथरलं. गावातली आणखी चारदोन माणसं येऊन पायरीवर टेकली. लोहाऱ्याचे पाव्हणे आता कशाला आले, ही उत्सुकता होतीच.

मामानं सुरुवात केली. मी पाटी दाखवून समजावलं. मुलीच्या वडिलांनी सगळं ऐकून घेतलं.

"म्हंजी आमच्या पोरीचं साल आता बरं झालं म्हना की," ते म्हणाले.

"बरं हाय," आप्पा म्हणाले.

"त्या दिशी वाईट हुतं, आज बरं. साल तर त्येच हाय. आन उद्याच्याला तुमी आजून एखादा पाढा काडला, तर?"

आप्पा पाटीकडे बघू लागले. प्रश्न अगदी रास्त होता.

"बरं, तुमच्या पोराचं साल कोनतं?"

आप्पा काही बोलायच्या आत मी सांगितलं, "तेराशे सत्तावीस. ते मात्र फुटत नाही. मी तपासलंय."

पायरीवरचा एक म्हातारा खो खो हसला. "आरं, मग आडमुठा तर नवरदेवच हाय! आन नाकारली पोरगी!"

हसू सगळीकडे पसरलं, मामाही हसला. मुलीचे वडील हसले नाहीत. ते आप्पांकडे वळून म्हणाले, "पाव्हणं, मला आकड्यातलं काय कळत न्हाय. पर एक कळतंय. तुमी पोरीला नाव ठिवलं त्ये बाजारात ठिवलं. आज तुमी घरात येऊन म्हंता बरं हाय. मी हितं हो म्हनलो तर गाव म्हनंल, बिजवर नको म्हनून ह्यानं लोहाऱ्याच्या पाव्हण्यांच्या पाया पडून पोरगी खपवली. पोरगी जल्मभर त्येच ऐकत बसंल. नाव चारचौघांत ठिवलंसा, तर चारचौघांतच काडा. न्हाय तर बिजवराला उद्या हो म्हनून सांगतो."

"काडू कसं?" आप्पांनी विचारलं.

"त्ये तुमचं तुमी बघा."

मारुतीच्या पारावर संध्याकाळची माणसं जमली होती. पार त्या ओसरीच्या समोरच, मध्ये फक्त गाडीवाट. आप्पा उठले, धोतराचा सोगा सावरला आणि चालत पारापाशी गेले. आम्ही मागून. या माणसानं पंगतीत शेकडो लोकांना उठा, बसा, सरका असं फर्मावलेलं मी पाहिलं होतं, पण चारचौघांत उभं राहून स्वतःविषयी बोलताना कधी पाहिलं नव्हतं.

"मंडळी," ते म्हणाले, आणि घसा साफ केला. "म्या हितल्या पोरीचं साल आडमुठं हाय म्हनलं हुतं. माझे पाढे तिसाला संपत्यात, म्हनून म्हनलं. पोरीचं साल पुढच्या पाढ्यात हाय. कुनाचा इस्वास नसंल तर म्हनून दावतो."

आणि आप्पा पाढा म्हणू लागले. एकतीस एके एकतीस. एकतीस दुणे बासष्ट. शाळेतल्या पोरासारखे हात मागे घेऊन, मोठ्या आवाजात. पहिल्यांदा लोक चकित झाले, मग एकदोघं हसले, मग दहाच्या पुढं गेल्यावर कुणी हसेना. दहाच्या पुढं पाढा जातो हेच पुष्कळांना नवं होतं. आप्पा एकेक पायरी मनात चढत होते आणि चढल्यावरच सांगत होते. एकतीस वीस सहाशे वीस. एकतीस एकोणतीस आठशे नव्व्याण्णव. एकतीस तीस नऊशे तीस. कपाळावर घाम आला होता. पारावरच्या काहींनी त्यांच्याबरोबर बोटांवर बेरीज करायला सुरुवात केली होती.

"एकतीस सदतीस अकराशे सत्तेचाळीस. एकतीस अडतीस अकराशे अडुसष्ट."

"अकराशे अठ्ठ्याहत्तर."

आवाज समोरच्या ओसरीवरून आला. ती दाराच्या चौकटीत उभी होती, डोक्यावर पदर, हाताला पीठ. लाजणं वगैरे काही तिच्या आवाजात नव्हतं. आणखी तीन सरळ पायऱ्या राहिल्या असताना हे गृहस्थ तिच्या सालाचा हिशेब बिघडवून टाकणार, याची तिला चीड आली होती, असं मला वाटलं, आणि पुढं तिनंही तसंच सांगितलं. पाच पायऱ्या राहिल्या होत्या, अशी तिनं ते सांगताना माझी दुरुस्तीही केली.

आप्पा थांबले. डोळे मिटले. सत्तेचाळिसात एकतीस मिळवले, पुन्हा मिळवले. आई ज्या वाक्याची तीस वर्षं वाट बघत होती, ते त्यांच्या तोंडून माकणीच्या पारावर आलं.

"तुजं बरूबर हाय," ते म्हणाले. "अकराशे अठ्ठ्याहत्तर."

आणि पुढचे पाच आकडे त्यांनी न अडखळता म्हटले. शेवटचा, तेराशे तेहेतीस, त्यांच्याबरोबर निम्म्या पारानं म्हटला. मुलीचे वडील ओसरीवरून उतरून गाडीवाट ओलांडून आले आणि आप्पांना म्हणाले, "चला, दमला असाल. आत बसून बोलू."

बिजवराला नकाराचा निरोप दुसऱ्या दिवशी मामाच घेऊन गेला.